स्वतः बांधलेल्या हलक्या विमानाची इंधनव्यवस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किट आणून किंवा नुसत्या नकाशांवरून स्वतः विमान बांधणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे पेट्रोलवर चालणाऱ्या पिस्टन इंजिनांपुरती आहेत. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल, तर पुस्तिकेचा आकडा धरा.

इंजिन नवे आणि नावाजलेल्या कंपनीचे आहे. मग इंधनव्यवस्थेवर एवढा वेळ कशाला घालवायचा?

इंजिन कारखान्यात चाचणी होऊन येते. टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतचा रस्ता तुम्ही बांधता आणि तुम्ही घ्याल तेवढीच त्याची चाचणी होते. कारखान्यातल्या विमानात एकच आराखडा शेकडो वेळा जसाच्या तसा उतरतो. तुमच्याकडे फिल्टर दुसऱ्या जागी बसला, नळीला एक वळण जास्त पडले किंवा मूळ नकाशापेक्षा मोठे इंजिन घेतले, की त्या इंधनव्यवस्थेसारखी दुसरी जगात नसते. ती चालते हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१२ साली हौशी लोकांनी बांधलेल्या विमानांच्या अपघातांवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिनाची शक्ती जाणे आणि विमानावरचा ताबा सुटणे ही त्यातली ठळक कारणे होती, आणि विमानाच्या आयुष्यातली पहिली काही उड्डाणे विशेष धोक्याची दिसली. उड्डाणयोग्यतेचा दाखला देण्याआधी इंधनव्यवस्थेची ठरावीक पद्धतीने चाचणी व्हावी आणि तिचा लेखी अहवाल घेतला जावा, अशी शिफारस मंडळाने तिथल्या विमानवाहतूक नियामक संस्थेला, म्हणजे एफएएला केली. माझे मत असे की तुमच्याकडे हा अहवाल कोणी मागो न मागो, तो लिहाच. कागदावर आकडा उतरवायचा म्हटले की माणूस खरोखर मोजतो.

इंजिनापर्यंत किती इंधन पोहोचले म्हणजे पुरेसे?

पूर्ण शक्तीवर टेकऑफ करताना इंजिन जेवढे पिते, त्यापेक्षा बरेच जास्त. एफएएच्या नियमांच्या भाग २३ मध्ये लहान विमानांसाठी वर्षानुवर्षे वापरलेला निकष असा: इंधन नुसत्या उतारावर येत असेल तर टेकऑफच्या खपाच्या १५० टक्के, पंपाने येत असेल तर १२५ टक्के. स्वतः बांधलेल्या विमानावर हा नियम बंधनकारक नसला तरी त्याहून चांगला मापदंड मला माहीत नाही.

रोटॅक्स ९१२ यूएलएस हे १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण शक्तीवर तासाला सुमारे २७ लिटर घेते. म्हणजे उताराच्या व्यवस्थेत तासाला साधारण साडेचाळीस लिटर आले पाहिजेत आणि पंपाच्या व्यवस्थेत चौतीस. तेवढ्याच शक्तीचे जुन्या धाटणीचे, हवेवर थंड होणारे इंजिन हवा-पेट्रोलचे मिश्रण पूर्ण समृद्ध, म्हणजे जास्तीत जास्त पेट्रोलचे, ठेवल्यावर तासाला ३५ लिटरपर्यंत जाऊ शकते. सपाट उड्डाणातल्या नेहमीच्या वेगाचा, म्हणजे क्रूझचा खप घेऊन हिशेब करणारे बरेच जण भेटतात. तो आकडा इथे उपयोगाचा नाही. इंजिनाला सर्वांत जास्त तहान टेकऑफला लागते आणि तेव्हाच खाली जमीन जवळ असते.

वरचा ५० किंवा २५ टक्के भाग चैन म्हणून ठेवलेला नाही. फिल्टर अर्धा बुजलेला, टाकी जवळपास रिकामी, नाक वर, नळ्या तापलेल्या, अशा दिवशी तोच भाग खर्ची पडतो.

हा प्रवाह मोजायचा कसा?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या विमानाचा सर्वांत तीव्र चढाईचा कोन काढा, त्यात काही अंश आणखी मिळवा आणि विमान त्या कोनात उभे करा. नाकाखाली चाक असेल तर ते ठोकळ्यांवर चढवावे लागेल किंवा मागची चाके खड्ड्यात उतरवावी लागतील. शेपटीखाली चाक असलेले विमान आधीच नाक वर करून उभे असते, पण तो कोन पुरेसा आहे असे गृहीत धरू नका, मोजा. टाकीत अगदी थोडे इंधन ठेवा. टाकीचे झाकण लावलेलेच असू द्या. ते उघडे ठेवले तर व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येण्याचे छिद्र, बुजलेला असला तरी कळणार नाही. आता कार्बुरेटरला जोडलेली नळी सोडवा, मोजपात्रात धरा, सिलेक्टर (टाकी निवडायची झडप) उघडा आणि घड्याळ लावा.

इथे एक चूक हमखास होते. नळीचे तोंड जमिनीवर ठेवलेल्या बादलीत सोडले जाते. पेट्रोलचा एक मीटर उंचीचा स्तंभ सुमारे ७ किलोपास्कल, म्हणजे जवळपास १ पीएसआय दाब देतो. बादली कार्बुरेटरपेक्षा एक मीटर खाली असेल तर तेवढा फुकटचा दाब तुमच्या आकड्यात शिरतो आणि उड्डाणात तो नसतो. उंच पंखांच्या विमानात मूळ उंचीच जेमतेम पाऊण मीटर असते, तेव्हा हा फरक निकाल उलटवू शकतो. नळीचे तोंड कार्बुरेटरच्या प्रवेशाइतक्याच उंचीवर धरा.

तासाला साडेचाळीस लिटर हवे असतील तर एक लिटर भरायला ८९ सेकंद लागायला हवेत. त्याहून जास्त लागले तर व्यवस्था नापास. प्रवाह तुटेपर्यंत चाचणी चालू द्या. टाकीत जे उरते ते त्या कोनातले न वापरता येणारे इंधन. नाक खाली करून उतरण्याच्या कोनातही हेच करा आणि दोन्हींपैकी मोठा आकडा त्या टाकीवर कायमचा लिहून ठेवा.

प्रत्येक टाकी वेगळी तपासा. पंप असेल तर नुसता मोकळा प्रवाह पाहून भागत नाही: नळीच्या तोंडाशी दाबमापक आणि झडप लावून, इंजिनाला लागणारा किमान दाब टिकवत तो प्रवाह मिळतो का ते बघा.

हे सगळे उघड्यावर, छपराबाहेर करायचे. पात्र धातूचे, ते विमानाला तारेने जोडलेले, आग विझवायचे नळकांडे हाताशी आणि मदतीला दुसरा माणूस. आसपास हीटर, ग्राइंडर किंवा चालू चार्जर नको. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते.

उताराची व्यवस्था चांगली की पंपाची?

पंख वर असतील आणि कार्बुरेटर कमी दाबावर चालणारा असेल, तर उताराची. तिच्यात बिघडायला फारसे काही नसते. मात्र तिच्याकडे ताकदही थोडी असते. टाकीच्या तळापासून कार्बुरेटरपर्यंत ६० सेंटिमीटर उंची असेल तर हाती येतो तो ४ किलोपास्कलच्या थोडा वर दाब. त्यात नाक वर गेले की, टाकी इंजिनाच्या मागे असल्याने, ती उंचीही घटते. म्हणून नळ्या रुंद घ्या, काटकोनी फिटिंग शक्य तितकी टाळा आणि नळी टाकीपासून सतत उतरती ठेवा. मध्ये एखादा उंचवटा राहिला तर तिथे हवेचा बुडबुडा ठाण मांडून बसतो आणि एवढा थोडा दाब त्याला हलवू शकत नाही.

पंख खाली असतील तर पंप हवाच, आणि तो एक असून चालत नाही. इंजिनावर चालणारा एक, विजेवर चालणारा दुसरा, अशी जोडी रूढ आहे कारण दोघांच्या बंद पडण्याची कारणे वेगळी आहेत. दोन्ही पंप विजेचे असतील तर त्यांना वीज दोन वेगळ्या वाटांनी मिळाली पाहिजे. एकाच फ्यूजमागे दोन पंप लावले तर तो एकच पंप समजा.

खाली पंख असलेल्या विमानात सिलेक्टरला “दोन्ही टाक्या” अशी जागा का नसते?

दोन नळ्या एकदम तोंडात धरा, एक सरबतात बुडवा आणि दुसरी हवेत ठेवा. ओढून बघा. सरबत येणार नाही, हवाच येईल.

खालच्या पंखातून पंप इंधन ओढून घेतो. एक टाकी आधी रिकामी झाली, किंवा वळणात तिचे तोंड उघडे पडले, की पंपाला तिथून हवा सोपी मिळते आणि दुसऱ्या टाकीत भरपूर पेट्रोल असूनही इंजिन बंद पडते. वरच्या पंखातून इंधन स्वतःच्या वजनाने खाली येते, तिथे ही अडचण जवळपास नसते. म्हणून “दोन्ही” ही सोय वरच्या पंखांची आहे. खालच्या पंखाच्या विमानात डावी, उजवी आणि बंद एवढेच ठेवा.

सिलेक्टर कुठे बसवावा? माझ्या नकाशातली जागा फारशी सोयीची वाटत नाही.

नकाशातली जागा बदलण्याआधी १२ ऑक्टोबर १९९७ चा अपघात नीट समजून घ्या. गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळून गेले. विमान लाँग-ईझी, विमानांचे आरेखक बर्ट रुटान यांच्या आराखड्याचे, दुसऱ्या कोणी बांधलेले. रुटान यांच्या नकाशात सिलेक्टरची मूठ पुढे, वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेली. मुठीवर खुणा नव्हत्या, इंधनाच्या पारदर्शक मापकांवरही नव्हत्या. इंधन कमी असताना उड्डाण झाले. टाकी बदलायला मागे वळावे लागत होते, आणि तसे वळताना उजवे रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू फिरवणारे पायातले पेडल, नकळत दाबले जाऊन विमानावरचा ताबा गेला, असा एनटीएसबीचा निष्कर्ष आहे. उंची कमी होती, सावरायला वाव नव्हता.

सिलेक्टर मागे नेला तेव्हा बांधणाऱ्याच्या मनात इंधनाच्या नळ्या कॉकपिटबाहेर ठेवण्याचा विचार होता. विचार सुरक्षिततेचाच होता, आणि म्हणूनच मला हा अपघात प्रत्येक बांधणाऱ्याला सांगावासा वाटतो. एक धोका कमी करताना दुसरा वाढतो आहे का, हे बसून, पट्टे आवळून, हात लांबवून बघावे लागते.

माझी कसोटी अशी: खांद्याचे पट्टे घट्ट, डोळे मिटलेले, एक हात विमान वळवायच्या दांडीवर. दुसरा हात मुठीपर्यंत सहज जायला हवा आणि नुसत्या स्पर्शाने कोणती टाकी चालू आहे ते कळायला हवे. प्रत्येक जागेवर मूठ खटकन बसली पाहिजे. “बंद” या जागेवर जायला मूठ उचलणे किंवा कळ दाबणे असे काही वेगळे करावे लागले पाहिजे, म्हणजे घाईत चुकून तिथे जाता येणार नाही. फिरवायला पक्कड लागेल इतकी जड झालेली झडप बदला. तिला तेलपाणी करून दिवस ढकलू नका.

व्हेंट म्हणजे टाकीला एक भोकच ना?

भोकच, पण कुठे आणि कोणत्या दिशेला, यावर बरेच काही ठरते. इंजिन तासाला २५ लिटर पीत असेल तर टाकीत तासाला २५ लिटर हवा आत यावीच लागते. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते, प्रवाह मंदावतो आणि पातळ पत्र्याची टाकी आत चेपलीही जाते. जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवून हे दिसेलच असे नाही.

व्हेंटचे तोंड वाऱ्याला सामोरे ठेवा. १०० नॉट वेगाला समोरून येणारी हवा सुमारे १.६ किलोपास्कल दाब देते. उताराच्या व्यवस्थेचा एकूण दाबच ४ किलोपास्कल असेल तर ही मोठी भर आहे. हेच तोंड मागे वळलेले असेल किंवा पंखाच्या वरच्या, कमी दाबाच्या भागात उघडत असेल, तर तेवढाच दाब तुमच्याविरुद्ध काम करतो. दोन टाक्यांच्या व्हेंटना वेगवेगळा दाब मिळाला तर “दोन्ही” लावूनही एकच टाकी रिकामी होत राहते. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही टाक्यांच्या वरच्या हवेच्या जागा एका नळीने जोडणे.

कीटक व्हेंटमध्ये चिखलाची घरटी करतात, थंडीत तिथे बर्फ धरतो. म्हणून तोंडाला जाळी लावा आणि शिवाय मुख्य तोंडापासून दूर, आडोशाला एक लहानसे पर्यायी छिद्र ठेवा. टाकी काठोकाठ भरता येईल अशी कधीच ठेवू नका. किमान २ टक्के फुगण्यासाठी सोडा. पेट्रोल दर अंशाला सुमारे हजारावा भाग प्रसरण पावते. ६० लिटरची टाकी गार इंधनाने भरून उन्हात २० अंशांनी तापली तर एक लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर जागा शोधते.

वेपर लॉक नेमका कशामुळे होतो?

नळीतच पेट्रोल उकळल्यामुळे. पंप द्रवासाठी बनलेला असतो. वाफ आली की तो नुसता फडफडतो, पुढे काही ढकलत नाही.

तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली उष्णता: काऊलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखाली, एक्झॉस्टच्या शेजारून जाणारी नळी. दुसरी कमी दाब: उंचीवर हवेचा दाब घटतो, आणि पंप इंधन ओढत असेल तर त्याच्या मागच्या नळीत तो आणखी घटतो. तिसरी खुद्द इंधन. विमानाच्या १०० एलएल पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंश तापमानाला ३८ ते ४९ किलोपास्कल इतका बांधून दिलेला असतो. मोटारीच्या पेट्रोलला इतकी घट्ट मर्यादा नसते. थंड हवेतल्या सुरुवातीसाठी बनवलेले पेट्रोल १०० किलोपास्कलपर्यंत जाते. असे पेट्रोल पहिल्याच उन्हाळी दिवशी टाकीत असेल तर ते उकळायच्या बेतातच असते.

इंजिन गरम असताना बंद केले, अर्धा तास थांबून पुन्हा सुरू केले आणि लगेच टेकऑफ घेतला, हा प्रसंग सर्वांत वाईट. थांबल्यावर काऊलिंगखालची हवा हलत नाही, त्यामुळे नळ्या आणि गॅस्कोलेटर (पाणी आणि कचरा अडवणारी गाळणवाटी) उड्डाणात असतात त्याहून जास्त तापतात. नळीत साठलेल्या इंधनावर इंजिन सुरू होते, विमान धावपट्टीपर्यंत चालवत नेता येते, आणि वाफेचा गोळा धावपट्टी सुटल्यावर पोहोचतो.

पंप टाकीजवळ आणि टाकीच्या तळापेक्षा खाली बसवा, म्हणजे लांब नळीत इंधन ओढले न जाता ढकलले जाईल. ओढीच्या बाजूला काटकोन आणि बारीक फिल्टर नकोत. एक्झॉस्ट आणि नळी यांच्यामध्ये पत्र्याची आड, गॅस्कोलेटरवर थंड हवेचा झोत, नळीवर फायरस्लीव्ह, म्हणजे आगरोधक वेष्टण. रोटॅक्ससाठी बारीक छिद्रातून टाकीकडे परतणारी नळी सुचवली जाते. तिच्यातून वाफ निघून जाते आणि ताजे, गार इंधन फिरत राहते. ती खर्च वाचवण्यासाठी गाळू नका. गरम दिवशी टेकऑफपूर्वी थोडा वेळ मोठ्या शक्तीवर इंजिन चालवून बघणे ही सवय लावून घ्या.

मोटारीचे पेट्रोल वापरता येईल का?

इंजिनाच्या पुस्तिकेने परवानगी दिली असेल तर येईल. पण पुस्तिका फक्त इंजिनाबद्दल बोलते. टाकीचे रेझिन, सीलंट, ओ-रिंग, होज, फ्लोट या सगळ्यांना इथेनॉल चालते का ते तुम्हालाच बघायचे आहे. फायबरग्लासच्या टाकीत चुकीचे रेझिन असेल तर ते मऊ पडते, सुटते आणि फिल्टरमध्ये जाऊन बसते. ज्या रेझिनने टाकी बांधणार त्याचा तुकडा, ज्या इंधनावर उडणार त्यातच काही आठवडे बुडवून ठेवा आणि नखाने खरवडून बघा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का हे काचेच्या उभ्या नळीत कळते. थोडे पाणी घालून पातळीवर खूण करा, वर पेट्रोल ओता, हलवा, स्थिर होऊ द्या. पाण्याची पातळी वाढलेली दिसली तर इथेनॉल पाण्यात उतरले आहे. हाच गुण टाकीत धोक्याचा ठरतो: इंधनात विरघळलेले पाणी थंडी पडताच इथेनॉल सोबत घेऊन वेगळे होते आणि तळाशी जमते, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो.

गॅस्कोलेटर आणि फिल्टर यांची जागा कोणती?

पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते सर्वांत खाली जाते. पण “सर्वांत खाली” ही जागा कोनानुसार बदलते, आणि बांधणारे नेमके हेच विसरतात. शेपटीवर बसलेल्या विमानात पाणी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जमते. उड्डाणात विमान सपाट झाले की ते पुढे, बाहेर पडण्याच्या तोंडाशी येते. ड्रेन, म्हणजे तळाचे पाणी काढायचे तोंड, अशा ठिकाणी हवे की जमिनीवर उभ्या विमानातून पाणी खरोखर निघेल. खात्री करायची तर टाकीत मुद्दाम मोजून थोडे रंगीत पाणी टाका आणि ड्रेनमधून किती परत येते ते बघा. ही चाचणी फार कमी लोक करतात.

टाकीच्या तोंडाशी बोटाच्या आकाराची जाड जाळी, इंचाला ८ ते १६ धाग्यांची. ती फक्त मोठा कचरा अडवण्यासाठी. बारीक फिल्टर टाकीच्या आत, जिथे हात पोहोचत नाही तिथे, कधीही घालू नका. बारीक गाळण गॅस्कोलेटरमध्ये किंवा पंपानंतर, उघडून साफ करता येईल असे. काऊलिंगखाली काचेचे किंवा प्लॅस्टिकचे पारदर्शक फिल्टर नकोत. पहिल्या काही उड्डाणांत प्रत्येक उड्डाणानंतर फिल्टर उघडा. टाकी बांधतानाचे पत्र्याचे कण, सीलंटचे तुकडे, कापसाचे धागे तिथे सापडतातच.

नळ्या आणि फिटिंग मोटारीच्या दुकानातून घेतल्या तर चालतील?

विमानाच्या एएन फिटिंगचा फ्लेअर, म्हणजे नळीच्या पसरवलेल्या तोंडाचा कोन, ३७ अंशांचा, मोटारीचा ४५ अंशांचा. दोन्ही एकमेकांवर चढतात, घट्टही बसल्यासारखे वाटतात आणि काही काळाने गळतात किंवा तडकतात. म्हणून सरमिसळ नको. तांब्याची नळी कंपनाने कडक होऊन तुटते. ५०५२-ओ जातीची ॲल्युमिनियमची नळी रूढ आहे.

फ्लेअरच्या जोडाला कसलाही लेप लागत नाही. निमुळत्या आट्यांना द्रव सीलंट लावा, पहिला आटा कोरडा सोडून. टेफ्लॉनची पट्टी इंधनात वापरू नका: तिच्या चिंध्या सुटतात आणि कार्बुरेटरच्या बारीक छिद्रात अडकतात. होज कापल्यावर आतून प्रकाश टाकून बघा, रबराचा पापुद्रा लोंबत असेल तर तो झडपेसारखा वागतो. रबरी होजना वय असते. रोटॅक्स त्या ५ वर्षांनी बदलायला सांगते, दिसायला चांगल्या असल्या तरी.

फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली आगरोधक भिंत, तिच्यातून जाणारे फिटिंग स्टीलचे घ्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. फायरवॉलची कसोटी त्याहून खूप गरम, सुमारे ११०० अंशांच्या ज्वाळेची असते. इंधन तोडणारी झडप कॉकपिटच्या बाजूला हवी.

टाकीची गळती कशी तपासायची?

७ किलोपास्कलच्या आसपास दाबाने, त्याहून जास्त नाही. हा दाब म्हणजे पारदर्शक नळीतले ७० सेंटिमीटर पाणी, आणि ती नळीच सर्वांत भरवशाचे मापक आहे. कॉम्प्रेसर थेट जोडू नका. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या सपाट भिंतीवर एवढाच दाब ८५ किलोचे वजन टाकतो. त्याच्या दुपटीला शिवण उघडते.

पाण्याची पातळी घसरली म्हणून लगेच घाबरू नका. बंद टाकीतली हवा एका अंशाने थंड झाली तरी पाणी साडेतीन सेंटिमीटर उतरते. सावलीत, तापमान स्थिर असताना चाचणी घ्या, सकाळ-संध्याकाळचे तापमान लिहून ठेवा, आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावा. गळती सापडली तर तो जोड खरवडून नवे सीलंट भरा. टाकीत पातळ लेप ओतून ती सगळीकडे फिरवण्याची जुनी पद्धत मला मान्य नाही: तो लेप पुढे कधीतरी सोलतो आणि त्याचे पापुद्रे थेट बाहेरच्या तोंडावर जातात.

टाकी पुढे, पायांवर ठेवली तर?

नळ्या लहान होतात, वजन तुलनेने मध्याजवळ राहते, उतार मिळतो. पण आपटल्यावर ती तुमच्या मांडीवर रिकामी होते. जागा असेल तर पंखातच टाक्या ठेवा. पंखाच्या मुळाशी नळीला लवचीक तुकडा आणि थोडा ढिलेपणा द्या, म्हणजे पंख मागे सरकला तरी नळी लगेच तुटणार नाही. पोटाखाली बाहेर आलेला ड्रेन चाके मोडल्यावर पहिल्यांदा घासला जातो, तो आत दडवा. इंधन भरायचे तोंड कॉकपिटमध्ये नको.

इंधनमापकावर किती विश्वास ठेवावा?

तुम्ही स्वतः मोजून खुणा केल्या असतील तेवढाच. विमान उड्डाणाच्या कोनात ठेवा, आधी न वापरता येणारे इंधन घाला, तिथे काटा शून्यावर आला पाहिजे. मग पाच-पाच लिटर घालत प्रत्येक पायरी लिहा. हेच करताना लाकडी मोजकाठीवरही खुणा करा आणि ती कायम विमानात ठेवा. इंधनप्रवाह मोजून शिल्लक सांगणारे उपकरण फार अचूक असते, पण सुरुवातीचा आकडा तुम्ही भरता आणि टाकीच्या झाकणातून वर ओढले जाणारे पेट्रोल त्याला दिसत नाही.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवतो आहे. काय बदलते?

दाब ३ बारच्या आसपास जातो, म्हणून प्रत्येक होज आणि क्लिप त्या दाबाची हवी. शिवाय पंप इंजिनाला लागते त्याच्या कितीतरी पट इंधन फिरवतो आणि उरलेले टाकीकडे परत पाठवतो. डाव्या टाकीतून घेऊन उजवीत परत टाकले तर डावी झपाट्याने रिकामी होते आणि उजवी भरून व्हेंटमधून बाहेर वाहते. त्यासाठी जाणारा आणि परतणारा प्रवाह एकदम बदलणारी दुहेरी झडप लागते. परतणारे इंधन गरम असते हे विसरू नका. टाकी जवळजवळ रिकामी असताना तीच उष्णता थोड्या पेट्रोलात साठत जाते.

पहिल्या उड्डाणाला किती इंधन भरावे?

नियोजित वेळेच्या कितीतरी पट, पण वजन आणि समतोलाच्या मर्यादेत. ज्या टाकीची चाचणी सर्वांत चांगली झाली तिच्यावर टेकऑफ घ्या, त्याच टाकीवर जमिनीवरचे पूर्ण शक्तीचे परीक्षण झालेले असू द्या. सुरक्षित उंची आणि खाली धावपट्टी असल्याशिवाय टाकी बदलू नका. इंधन कमी असलेल्या टाकीवर लांब घसरते उतरणे, म्हणजे साइडस्लिप, पहिल्या उड्डाणात टाळा. इंधन टाकीच्या एका बाजूला जाते आणि तोंड उघडे पडते.

कॉकपिटमध्ये पेट्रोलचा वास येतो, पण गळती दिसत नाही. उडू का?

नाही. १०० एलएल निळे असते आणि सुकल्यावर जोडावर निळसर डाग सोडते. विजेरी घेऊन प्रत्येक फिटिंग, सिलेक्टरची दांडी, मापकाचे सील आणि टाकीच्या झाकणाची ओ-रिंग बघा. काही सापडले नाही तर टाकी भरून विमान रात्रभर ठेवा, तळाशी पांढरा कागद अंथरा. विजेचे मुख्य बटण तोवर बंदच असू द्या.